पुंडलिक मास्तरांचा कोट

पेडण्यापासून डिचोलीपर्यंतच्या गावांत भिंतीवर हार घालून बसलेल्या निम्म्या पुरुषांच्या अंगात एकच कोट आहे. काळा, तीन बटणांचा, डाव्या बाजूला खिसा आणि खिशात काही नाही. तो कुठल्या शिंप्यानं शिवलेला नाही, आमच्या पुंडलिक मास्तरांनी काढलेला आहे. जन्मभर नांगर धरलेली, जाळी ओढलेली, खाणीवर मातीच्या पाट्या उचललेली कितीतरी माणसं मेल्यानंतर त्या कोटात शिरली आणि सभ्य होऊन बसली.

मास्तर आमच्या डिचोलीच्या हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत आणि मी मराठी. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या बरीच वर्षं शेजारी होत्या आणि आमची घरंही एकाच गल्लीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायचा अधिकार आपल्याला आहे असं मी समजते. मी माहेरची पेडण्याची, तोंडानं फटकळ. मास्तर अगदी उलट. वर्गात पोरांनी दंगा केला तर ते ओरडत नसत. दंगेखोराचा चेहरा फळ्यावर काढायला घेत. नाकापर्यंत येईतो वर्ग चिडीचूप होई. बारीक अंगाचा माणूस, पांढरा सदरा, डाव्या खांद्याला कापडी पिशवी, आणि उजव्या हाताचा अंगठा कायम काळा. कोळशानं भरलेली सावली ते अंगठ्यानं घासून मऊ करत, आणि तो काळेपणा साबणाला दाद देत नसे. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला नवखा माणूस त्या अंगठ्याकडे बघून आपलं पान हळूच पलीकडे सरकवी. मास्तर आपले निवांत भात कालवीत.

गोवा मुक्त झाला तेव्हा मास्तर विशीत होते. त्या दिवसांत कॅमेरा म्हणजे भाटकारांच्या, जमीनदारांच्या घरची चैन. बाकीच्यांनी फोटो काढायचा तो म्हापशाला जाऊन, आणि म्हापशाला जायचं ते दुखणं आलं तर. त्यामुळे घरातला कर्ता माणूस अचानक गेला की लोकांच्या लक्षात यायचं, अरे, याचा तर फोटोच नाही. मग कोणीतरी सांगायचं, ‘डिचोलेक एक मास्तर आसा.’ पुढं घरोघर कॅमेरे आले तरी हातानं काढलेल्या चित्राचा मान गेला नाही. लोक पासबुकावरचा नखाएवढा फोटो घेऊन येत आणि भिंतीएवढं चित्र मागत.

मास्तरांच्या घरी उत्तरेच्या अंगाला एक खोली होती. तिच्या जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, मोठं मेज, मेजावर पेन्सिली, कोळशाच्या कांड्या, जलरंगाच्या वड्या, तैलरंगाच्या पिळून पिळून चपट्या झालेल्या नळ्या. चित्र कशात काढायचं हे मात्र गिऱ्हाईक ठरवत नसे. लोक सांगत, ‘मास्तर, ऑइलात करा, चकचकीत दिसूक होया.’ मास्तर बसायला समोर कदेल, खुर्ची सरकवून म्हणत, ‘चेहरो मागीर. आधी माणूस सांगा.’ आणि मग प्रश्न सुरू व्हायचे. जेवताना बोलायचा का? रागावला की आवाज चढायचा की पडायचा? दारात चपला कशा काढायचा? दुःखात असलेले लोक आधी चक्रावत, मग सांगायला लागत, आणि सांगता सांगता कोणीतरी रडे, कोणीतरी हसे. अर्धं काम तिथंच व्हायचं. कोणती नळी उघडायची की उघडायचीच नाही, हे त्यानंतर ठरे.

तुयेच्या कारखान्यात कामाला जाणारी एक मुलगी वडिलांचं चित्र करायला आली होती. तिला रंगीतच हवं होतं, कारण शेजाऱ्यांकडे रंगीत होतं. मास्तरांनी माणूस विचारला. मुलगी म्हणाली, ‘बाबा बोलायचेच नाहीत. शेतातसून कधी आले ते घरात कळायचा नाय.’ मास्तरांनी पेन्सिल उचलली. चित्र बघून मुलीचा चेहरा पडला. इतकं फिकट की दोन पावलं मागं गेलं तर कागद कोराच वाटे. ती तेच घेऊन गेली. पुढच्या मे महिन्यात ती मानकुराद आंब्यांची टोपली घेऊन आली, तेव्हा मी तिथंच होते. म्हणाली, ‘मास्तर, दिवसभर भिंतीर कोण नसल्यासारखा वाटता. सांजवेळी दिवा लावतंय, तेव्हा बाबा दिसतत. आमच्या घरात ते असेच होते.’ त्या आंब्यांतले सहा मास्तरांनी माझ्या पिशवीत टाकले.

कोटावरून मात्र मी त्यांना फार छळलं. मोरजीचा एक रापणकार, किनाऱ्यावर जाळं ओढणारा, एकदा भांडायलाच आला होता. ‘मास्तर, माझ्या बापाशीन उभ्या जल्मात कोट घालूक नाय!’ मास्तर शांतपणे वर बोट करून म्हणाले, ‘थंय थंडी आसतली.’ त्यावर चित्र काखेत मारून तो माणूस गेला. तो गेल्यावर मी म्हटलं, ‘मास्तर, माणूस इतका खोदून विचारता आणि शेवटी सगळ्यांना तोच कोट चढवता, हे काय?’ ते अंगठा पुसत म्हणाले, ‘बाई, घरच्यांना तो आवडतो. मेलेल्या माणसाला थोडा मान नको?’ मला ते पटलं नव्हतं. पण त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे कापसाला बुक्की मारणं, म्हणून मी सोडून दिलं.

तो कोट त्यांना किती महागात पडणार होता हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मास्तर निवृत्तीला आले होते. त्या रविवारी मी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पडद्याचं बोलायला त्यांच्याकडे गेले होते. कारापूरचा उमेश नावाचा एक तिशीतला माणूस आला. खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, आता स्वतःचा ट्रक घेतला होता आणि नवीन घर बांधलं होतं. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी तसबीर सोडली. कोळशाचं चित्र, तीन बटणांचा कोट, डोक्याला पागोटं. खाली कोपऱ्यात मास्तरांची तरुणपणातली सही.

‘माझो बापूस,’ उमेश म्हणाला. ‘खाणीर दरड पडली तेत गेलो. मी तेव्हा आवयच्या पोटात. नव्या घराक ह्योच फोटो मोठो, कलरात करून होयो.’

मास्तर खूश झाले. सुरुवातीच्या दोन-चार कामांतलं ते एक. सवयीनं म्हणाले, ‘चेहरो मागीर. आधी माणूस सांग.’ उमेश हसला. त्यानं कुठून सांगावं? मास्तर म्हणाले, ‘मग आवयक घेऊन ये.’

पुढच्या रविवारी रुक्माकाकी आली. पन्नाशी उलटलेली, काटक, पांढऱ्या केसांचा घट्ट आंबाडा. मास्तरांनी तिला कदेल दिली, ती जमिनीवरच बसली. तसबीर समोर ठेवून मास्तरांनी विचारलं, ‘काकी, तुझो घोव चलताना कसो चले?’

काकी तसबिरीकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘मास्तरांनू, हो माझो घोव न्हय. हो माझो दीर.’

उमेश ताडकन उठला. ‘आये, काय बोलतंस!’

ती मुलाकडे न बघता सांगत राहिली. तेव्हाची गोष्ट अशी होती. बाराव्याच्या दिवशी घरच्यांनी मास्तरांना बोलावून नेलं होतं. फोटो नव्हता. दरडीखालून काढलेलं तोंड बायकोला दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं, म्हणून शेवटचं दर्शनही तिला झालं नव्हतं. सोप्यावर घरचे, वाड्यावरचे सगळे पुरुष जमले. कोणी नाक सांगितलं, कोणी कपाळ. एकाचं एक जुळेना. शेवटी थोरला चुलता म्हणाला, ‘इतक्या कित्याक? धाकटो हुबेहूब तेच्यासारखोच आसा.’ मग धाकट्या भावाला समोर बसवलं, आणि विशीतल्या मास्तरांनी उत्साहानं त्याचा चेहरा उतरवून वर कोट चढवला. सगळे म्हणाले, वा, तोच, अगदी तोच.

‘मी आत होतंय,’ काकी म्हणाली. ‘दाराच्या फटीतसून बघी होतंय. ते दोघे भाव सारखे नाय होते. पण माका कोणी इचारूक नाय. सुतकातली बायल सोप्यार कशी येतली?’

मास्तरांनी हातातली पेन्सिल मेजावर ठेवून दिली.

‘मागीर तो भिंतीर लागलो. रोज फूल घातलंय. घालूक नाय तर घरची काय म्हणतली? पयली पाच-सात वर्सां मनात म्हणा होतंय, ह्यो न्हय, तो येगळो. मागीर मागीर... आता डोळे धापले की ह्योच येता. माझो घोव येयनाच. मी तेचो चेरो इसारलंय, मास्तरांनू. उद्या मी मेल्यार, थंय तो समोर येऊन उभो रवलो, तर मी ओळखतलंय कसा?’

मी मान फिरवून जनेलाबाहेर बघत बसले, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि बाईसमोर आपण रडणं बरं दिसलं नसतं. मास्तरांचा चेहरा मी त्या दिवशी बघितला तसा पुन्हा कधी बघितला नाही. इतक्या घरांत जाऊन माणूस विचारणारा हा माणूस, आणि ज्या एका माणसाला सगळं ठाऊक होतं तिला तो दाराआड ठेवून आला होता. ते एवढंच म्हणाले, ‘काकी, चूक माझी. ती मीच निस्तरणार. तू दर रविवारी ये.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘बाई, तुम्ही पण बसा. ती माझ्याकडे बघून मोकळेपणानं सांगणार नाही.’

असे आम्ही तिघं चार महिने बसलो. काकी कारापूरहून बसनं यायची, येताना कधी चार केळी, कधी मिरच्या आणायची. मी विचारायची, ती आठवायची, मास्तर काढायचे. पेन्सिलीनं सात चित्रं झाली. काकी प्रत्येकाकडे बघून मान हलवी. जलरंगात केलं, तैलरंगात केलं. डोळे लहान केले, हनुवटी निमुळती केली, मिशा काढून टाकल्या. कुठूनही निघालं तरी शेवटी दीरच समोर येऊन बसायचा. मास्तरांच्या हाताला तोच चेहरा ठाऊक होता आणि काकीच्या डोळ्यांनाही. एका रविवारी मास्तर कागद टराटरा फाडून म्हणाले, ‘मीच पुसला त्याला. दरडीनं नाही, मी.’ त्या दिवशी काकीनंच त्यांची समजूत घातली. म्हणाली, ‘रवांदे, मास्तरांनू. तुम्ही ल्हान होतात तेव्हा.’

पावसाळा सरत आला होता. काकी आता बसच्या त्रासानं थकत होती, आणि उमेश मला दारात गाठून सांगे, ‘बाई, पुरे करा. आवय घरात जेवणा सोडून भिंतीकडे बघत बसता.’ मलाही वाटायला लागलं होतं की आपण म्हातारीला उगीच छळतो आहोत.

मग एके सकाळी मास्तरांनी वेगळाच प्रश्न विचारला. माझ्याकडे न बघता, थेट तिला. ‘काकी, तू तेका खंयसून बघी होतंस?’

काकी गोंधळली. कुठून बघायची म्हणजे? मग हळूहळू बोलायला लागली. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. घरात चौदा माणसं. दिवसाउजेडी नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची सोय नव्हती, आणि रात्री दिवा आधीच मालवलेला. ‘तोंड मी कधी बघलंय?’ ती स्वतःशीच म्हणाली. ‘तो सकाळी कामाक जायचो. मी रांदणीच्या जनेलातसून बघायचंय. पाठ दिसायची.’

‘पाठ सांग,’ मास्तर म्हणाले.

आणि चार महिने जे येत नव्हतं ते येऊ लागलं. डाव्या कानामागं कोयता लागल्याची खूण होती, तिथं केस उगवत नसत. मान लांब. अंगात फाटक्या बाहीचं बनियन, आणि खांद्यावर पंचा, पण घडी केलेला नव्हे, नुसता टाकलेला. उजवा खांदा खाली, कारण पाट्या त्याच खांद्यावर. उजवं पाऊल जरा बाहेर पडायचं. फणसाखाली पोचला की तो मागं वळायचा.

‘वळायचो?’

‘अर्दो.’ काकी लाजली. पन्नाशी उलटलेली ती बाई खरोखर लाजली. ‘पुरो वळूक नाय. घरची बघतीत म्हणान.’

मास्तरांनी मोठा कागद लावला आणि कोळशाची कांडी घेतली. मी म्हटलं, ‘पुन्हा कोळसा?’ ते म्हणाले, ‘पेन्सिल माझंच ऐकते, तैलरंग कुणाचंच ऐकत नाही. कोळसा बोटानं पुसता येतो.’ त्यांनी पाठमोरा माणूस उभा केला आणि काकीला हाताला धरून कागदापाशी आणलं. ‘आता तू.’

ती आधी घाबरली. मग अंगठा टेकवला आणि खांद्याची रेघ खाली ओढली. ‘हयसर.’ कानामागं बोटाच्या टोकानं एवढंसं पुसलं. पंचा ओढून विस्कटला. मास्तर तिनं पुसलेलं पुन्हा भरत, ती पुन्हा पुसे. शेवटी मास्तरांनी चित्रातल्या माणसाची मान किंचित वळवली. चेहरा नाहीच. गालाचं एक हाड, मिशीचं टोक आणि डोळ्याचा कोपरा, बस्स.

काकी दोन पावलं मागं सरली. बघत राहिली. आणि मग तिनं दोन्ही हातांनी पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला.

त्या कोटवाल्या तसबिरीसमोर चार महिन्यांत तिनं एकदाही पदर घेतला नव्हता. आम्हाला दोघांनाही काही विचारावं लागलं नाही. मास्तर उठून परसात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

उमेशनं शेवटपर्यंत कुरकुर केली. ‘पाठ केलेलो फोटो हॉलात कसो लावतलंव? हार खंय घालतलंव?’ काकी म्हणाली, ‘हार नाका. तो कामाक जाता. कामाक जातल्याक कोण हार घालता?’ जुनी तसबीर तिनं स्वतः पुसून दिराच्या मुलांच्या घरी नेऊन दिली. म्हणाली, ‘हो तुमचो बापूस. इतकी वर्सां माझ्याकडे होतो.’

काकी त्यानंतर तीन वर्षांनी गेली. उमेशच्या बायकोनं मला सांगितलं की शेवटचे दोन दिवस ती रांदणीतल्या, स्वयंपाकघरातल्या जनेलाकडे तोंड करूनच निजली होती.

मास्तरांनी नंतर कोट काढला नाही. कोणाकडेही गेले की सोप्यावर बसायच्या आधी म्हणायचे, ‘आतल्यांका भायर बोलवा.’ आणि निवृत्तीनंतर त्यांनी एक नवीनच उद्योग सुरू केला. गिऱ्हाइकांच्या नावांची जुनी वही काढली आणि पूर्वी चित्रं दिलेल्या घरी बसनं एकेक करून जायला लागले. तिथल्या बायकांना विचारायचं, ‘हो तुमचो माणूस तुमका दिसता मां?’ बहुतेक जणी म्हणत, ‘बरो आसा, मास्तर.’ एखादी गप्प राही, की हे पिशवीतून कोळसा काढून बसत. मी म्हटलं, ‘या वयात कशाला ही वणवण?’ म्हणाले, ‘बाई, आणखी कुठं कोण दाराआड उभी असेल, मला काय माहीत?’

ते अचानकच गेले. मी समाचाराला गेले तेव्हा मुलानं घाईनं स्टुडिओतून करून आणलेला फोटो भिंतीवर लावला होता. आता हे काम कॉम्प्युटरवर होतं. मास्तरांचा हसरा चेहरा, आणि खाली काळा कोट, टाय. सगळे म्हणत होते, झक्क आलाय.

मी उठून आत गेले. मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, कोपऱ्यात चटईवर बसल्या होत्या. मी विचारलं, ‘वहिनी, फोटो करताना तुम्हाला कुणी विचारलं?’

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, ‘तुम्ही तेंका निमाणे खंय बघल्यात?’

शेवटचं कुठं बघितलं ते मी सांगितलं. गेल्या महिन्यात मी माहेरी गेले होते. पेडण्याच्या बाजारात बसमधून उतरले तेव्हा मास्तर पुढं चालले होते, मोरजीच्या गाडीकडे. पांढरा सदरा पाठीवर घामानं चिकटलेला, खांद्याला पिशवी, काखेत कागद लावायची फळी. मी हाक मारली. ते थांबले, अर्धे वळले, फळी सांभाळत तोच काळा अंगठा वर केला, आणि गाडी सुटेल म्हणून तसेच पुढं गेले.

वहिनी ऐकत होत्या. ‘डावो खांदो खाली होतो?’

‘होता.’

‘पिशवेचो तो,’ त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.